सवलतीची पाटी आणि गळ्यातील माळ

वारी म्हणजे येरझार. एकदा पंढरी पाहून आला तो यात्रेकरू. दरसाल न चुकता जातो तो वारकरी. दुकानदारीचेही असेच आहे. एकदा माल घेऊन गेला तो वाटसरू, पुन्हा त्याच उंबऱ्याशी आला तो गिऱ्हाईक. तो पुन्हा का येतो? मागच्या खेपेस दुकानदार जे बोलला ते घरी गेल्यावर खरे निघाले म्हणून. लहान दुकानाचे खरे भांडवल एवढेच. आपल्या संप्रदायात किराणा, कापड, भांडी, पेढे, चुरमुरे, बुक्का विकून पोट भरणारे पुष्कळ आहेत, आणि विकत घेणारे तर आपण सगळेच आहोत. म्हणून सवलतीच्या खोट्या पाट्यांविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम हे सांगून टाकू की, सवलत देणे हे काही पाप नाही. हंगाम सरला, माल उरला, लुगड्याच्या काठाला डाग पडला, तर भाव उतरवून विकणे हा सरळ व्यवहार आहे. मात्र कारण खरे असावे आणि ते गिऱ्हाइकाला सांगावे. दोनशेच्या चादरीवर तीनशेची चिठ्ठी लावायची, ‘तीस टक्के सूट’ अशी पाटी टांगायची आणि दोनशेदहा रुपये घ्यायचे, याला काय म्हणावे? गिऱ्हाईक नव्वद वाचले म्हणून आनंदात घरी जाते. वास्तविक त्याचे दहा जास्त गेलेले असतात!

हिशेब थोडा समजून घ्यावा. ‘५० टक्के आणि वर २० टक्के’ अशी पाटी दिसली की आपण मनात सत्तर धरतो. पण शंभराचे आधी पन्नास होतात आणि त्या पन्नासावर वीस टक्के म्हणजे दहा सुटतात. द्यावे लागतात चाळीस. सूट साठच टक्के झाली. ‘दोनांवर एक फुकट’ म्हणजे तिन्ही नग घेतले तर तेहतीस टक्के सूट, आणि आपल्याला एकच हवा असेल तर सूट काहीच नाही. ‘५० टक्क्यांपर्यंत’ या पाटीत पन्नास हा आकडा हातभर असतो आणि ‘पर्यंत’ हा शब्द मुंगीएवढा. ‘शेवटचे दोन दिवस’ ही पाटी तर काही ठिकाणी ऊन-पावसाने विटेपर्यंत लटकत असते.

यात्रेत आणखी एक प्रकार चालतो, तो नावाचा. जर्मन सिल्व्हर या धातूत चांदी मुळीच नसते. तांबे, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू आहे. तरी त्याची मूर्ती किंवा टाक ‘चांदीचा, आज निम्म्या भावात’ म्हणून भोळ्या माणसाच्या हाती देतात. दुसऱ्याच लाकडाचे मणी तुळशीचे म्हणून खपवतात. परगावी विणलेली चादर सोलापुरी म्हणून विकतात. आषाढीला आलेल्या म्हातारीने वर्षभर गाठीला बांधलेले पैसे असतात हो ते! घरी देव्हाऱ्यात ठेवायला म्हणून तिने तो टाक घेतलेला असतो. पुढे तो काळवंडला आणि सोनाराने सांगितले की यात चांदी नाही, म्हणजे तिचे पैसे तर गेलेच, पण ‘पंढरीच्या बाजारात फसले’ हे शब्द तिच्या तोंडी आले. त्या एका विक्रेत्यापायी सबंध पेठेला बोल लागला.

कायद्यानेही हे चालत नाही. ग्राहक संरक्षण कायदा प्रथम १९८६ साली झाला; त्याच्या जागी २०१९ चा कायदा आला आणि तो जुलै २०२० पासून अमलात आहे. फसव्या जाहिराती आणि अनुचित व्यापार या दोहोंचा त्यात स्पष्ट निषेध आहे. किंमत आधीच मालात धरून वस्तू फुकट दिल्याचे भासवणे, बक्षिसाचा लोभ दाखवून ते न देणे, मालाचे पक्के बिल न देणे, ही सर्व त्या कायद्याने अनुचित ठरतात. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल तीस दिवसांच्या आत परत घेण्यास नकार देणे हेही त्यातच येते. फुकटच्या जाहिराती आणि आमिषाच्या जाहिराती यांविषयी २०२२ साली वेगळे नियमही झाले. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्क पडत नाही. तेव्हा बिल मागायला लाजू नये, आणि मिळाले की ते जपून ठेवावे.

पण माळकऱ्याला कायद्याचा धाक दाखवावा लागावा, ही गोष्ट आम्हांस शोभत नाही. आपले तुकोबाराय वाणीच होते. देहूच्या पेठेची महाजनकी त्यांच्या घरात होती. परंपरेने सांगितलेल्या चरित्रात अशी कथा येते की, महाराज मिरच्या विकायला कोकणात गेले असता परतीच्या वाटेवर एका भामट्याने सोन्याचा मुलामा दिलेली पितळी कडी खरी म्हणून त्यांच्या गळ्यात मारली. बाजारातली फसवणूक महाराजांनी स्वतः अशी भोगली. पण त्यांनी ती पुढच्या माणसाकडून वसूल केली नाही. उलट घरातल्या कर्जखतांपैकी धाकट्या भावाचा वाटा त्याला देऊन आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली, असे चरित्रकार सांगतात. आपण फसलो म्हणून दुसऱ्याला फसवण्याचा परवाना मिळतो, असे समजणाऱ्याने ही कथा पुन्हा ऐकावी.

लहान दुकानदाराची अडचण आम्ही जाणतो. समोर मोठे दुकान उघडते, तिथे रोज नवा सेल, रोज नवे दिवे. हा बिचारा म्हणतो, ‘आपणही पाटी लावल्यावाचून चालणार कसे?’ चालेल. मोठ्या शहरातल्या दुकानाला रोज नवी माणसे मिळतात. गावातल्या दुकानाला तीच वीस-पंचवीस घरे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळायची असतात. त्यांतले एक घर तुटले, की बातमी पाणवठ्यावर, पारावर, भजनातही पोचते. म्हणून एकच भाव ठेवावा, तो लिहून लावावा, मापात मारू नये आणि मालातला दोष गिऱ्हाइकाने विचारण्याआधी आपण सांगावा. अशा दुकानात लोक लहान पोरालाही निर्धास्त पाठवतात. याहून मोठी जाहिरात कोणती?

आणि माळ? माळ घालताना आपण खोटे बोलणार नाही असे गुरूपुढे म्हटलेले असते. गिऱ्हाईक गळ्यातील माळ पाहते आणि भाव न विचारता पैसे काढते. त्या विश्वासावर वाढीव चिठ्ठी लावणे म्हणजे माळेचीच पाटी करणे होय. एका बाजूला तुळस आणि दुसऱ्या बाजूला दहा रुपये, असा तो सौदा होतो.

शेवटी गिऱ्हाइकांनाही एक गोष्ट सांगतो. खरा भाव सांगणाऱ्याला आपण सोडतो आणि शंभर वाढवून पन्नास सोडणाऱ्याकडे धावतो. घासाघीस केल्यावाचून आपल्याला घेतल्याचे समाधान नाही. फुकटाच्या लोभाने नको ते घेतो आणि हवे त्याला पैसे उरत नाहीत. फसव्या पाटीला खिळा दुकानदार मारतो, पण ती टिकते आपल्या हावेवर. म्हणून वस्तू हवी आहे का, हे आधी ठरवावे. दोन ठिकाणी भाव पाहावा. मगच पैसे काढावेत. आणि ज्याने खरे सांगितले त्याच्या दुकानी, चार पैसे जास्त पडले तरी, आवर्जून पुन्हा जावे.

वारीच्या वाटेवरचा दुकानदार मनात म्हणत असेल की, ही दिंडी पुढे गेली, आता कोण परत येतो! त्याने ध्यानात ठेवावे, दिंडी पुढच्या आषाढात त्याच वाटेने येते. त्या दिवशी आपले तोंड लपवावे लागेल की हसून ‘माउली, या’ म्हणता येईल, हे आजच्या पाटीवर अवलंबून आहे.

रामकृष्ण हरि.