यहुदी धर्मांतील कांहीं शब्द

अलिबागेच्या बाजूस पूर्वीं ‘शनवार तेली’ हें नांव सर्वांच्या परिचयाचें होतें. तेलाचा घाणा चालविणारे, परंतु शनिवारीं तो बंद ठेवणारे हे लोक म्हणजे बेने इस्राएल होत. ह्या टोपणनांवांतच यहुदी धर्मांतील एक मुख्य शब्द दडलेला आहे. इब्री भाषेंत ‘शब्बाथ’ म्हणजे थांबणें, विसावा घेणें. यहुद्यांचा दिवस सूर्यास्तापासून मोजतात. म्हणून शब्बाथ शुक्रवारीं सायंकाळीं लागतो व शनिवारीं रात्रीं तारे दिसूं लागले म्हणजे सुटतो.

‘तोरा’ म्हणजे शिकवण. मोशेच्या पांच पुस्तकांस हें नांव आहे. प्रार्थनामंदिरांतील प्रत चर्मपत्राच्या गुंडाळीवर हातानेंच लिहावी लागते, व एक अक्षर चुकलें तरी तें सुधारीपर्यंत ती वाचनास चालत नाहीं. ‘मिन्यान’ म्हणजे संख्या. सामुदायिक प्रार्थनेस तेरा वर्षांवरील दहा पुरुष जमावे लागतात; सुधारक मंडळ्या आतां स्त्रियांसही मोजतात. प्रार्थनामंदिराचें ‘सिनेगॉग’ हें नांव मूळचें ग्रीक. आमच्या लोकांनीं मात्र त्यास सरळ ‘मशीद’ म्हटलें! मुंबईंत इ. स. १७९६ मध्यें स्थापन झालेल्या शार हारहमीम ह्या मंदिरास ‘जुनी मशीद’ म्हणतात, आणि मशीद स्टेशनाचें नांव त्यावरूनच पडलें असें सांगतात.

‘काशेर’ म्हणजे योग्य. माशांपैकीं ज्यांस पर व खवले दोन्ही आहेत तेच काशेर. म्हणजे कोळंबी व खेंकडे वर्ज्य. बेने इस्राएलांत अशी कथा आहे कीं, दाविद रहाबी नांवाचा परदेशी यहुदी कोंकणांत आला, तेव्हां त्यानें परीक्षेसाठीं सर्व जातींचे मासे एकत्र करून स्त्रियांपुढें ठेविले. त्यांनीं बिनखवल्यांचे निवडून बाजूस सारले. ग्रंथ नव्हते, इब्री भाषा विसरली होती. तरी ‘शेमा’ ही एकेश्वराची कबुली त्यांच्या तोंडीं राहिली होती. ‘शेमा’ म्हणजे ‘ऐक’.

सणांचीं नांवें आम्हांस सर्वांत गोड वाटतात, कारण तीं अस्सल मराठी आहेत. वर्षारंभाचा ‘रोश हशाना’ हा ‘नव्याचा सण’. प्रायश्चित्ताचा ‘योम किप्पुर’ हा ‘दारफळणीचा सण’, कारण त्या दिवशीं घराचें दार लावून उपवास करीत. इ. स. ७० मध्यें रोमन सैन्यानें यरुशलेमचें मंदिर जाळलें. त्याच्या शोकाचा उपवास वालाच्या बिरड्यानें सोडीत, म्हणून तो ‘बिरड्याचा सण’. यरुशलेमचें दुःख आणि कोंकणांतील वाल एका नांवांत यावे, हें आम्हांस मोठें नवल वाटतें.

इ. स. १९४८ नंतर ह्यांपैकीं बहुतेक कुटुंबें इस्राएलांत गेलीं. तेथें विवाहाच्या प्रसंगीं त्यांच्या यहुदीपणाविषयींच धर्माधिकाऱ्यांनीं शंका काढिली. त्यांनीं नेटानें लढा दिला, व इ. स. १९६४ मध्यें ते सर्व बाबतींत यहुदी आहेत असें तेथील सरकारला जाहीर करावें लागलें.