कला-विज्ञान दालने : संकल्पना, मनुष्यबळ आणि आव्हाने

विज्ञान आणि कला ही ज्ञानाची दोन स्वतंत्र क्षेत्रे मानण्याची आपल्या शिक्षणव्यवस्थेला सवय आहे. दहावीनंतर शाखा निवडताच विद्यार्थ्याची यांपैकी एकाशी ताटातूट होते. ही दरी सांधणारी दालने अलीकडे उभी राहत आहेत. अशी दालने चालविते कोण, हा प्रश्न विज्ञानप्रसाराच्या धोरणाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

पार्श्वभूमी

१९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ५१(क) मध्ये विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन व शोधकबुद्धी यांचा विकास हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरविले. १९७८ मध्ये राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद स्थापन झाली. मुंबईचे नेहरू विज्ञान केंद्र (१९८५) याच परिषदेचे. ही परिषद विज्ञानाच्या नव्हे, तर संस्कृती मंत्रालयाच्या अखत्यारीत येते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

कला व विज्ञान यांच्या सहवासाचा भारतातील ठळक दाखला म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था. डॉ. होमी भाभा यांनी या संस्थेसाठी समकालीन भारतीय चित्रकारांच्या कलाकृती जमविल्या. कुलाब्याच्या इमारतीतील मकबूल फिदा हुसेन यांचे भित्तिचित्र प्रसिद्ध आहे. मात्र हा संग्रह मुख्यत्वे शास्त्रज्ञांच्या वास्तूत राहिला. सर्वसामान्य तरुणांसाठी स्वतंत्र व्यासपीठ उभे राहण्यास पुढे बराच काळ जावा लागला.

बंगळूरुचे उदाहरण

डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयात २००८ मध्ये 'सायन्स गॅलरी' सुरू झाली. पुढे याच संकल्पनेचे आंतरराष्ट्रीय जाळे निर्माण झाले. 'सायन्स गॅलरी बंगळूरु' ही त्यातील भारतीय संस्था होय. तिला कर्नाटक शासनाचे पाठबळ असून भारतीय विज्ञान संस्था, राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र आणि सृष्टी ही कला-अभिकल्प संस्था तिच्या शैक्षणिक भागीदार आहेत. पाणी, वनस्पती, संसर्ग, मानवी मन अशा विषयांवर तिने प्रदर्शने भरविली. कोविडच्या काळात ही प्रदर्शने दूरस्थ माध्यमातून झाली. 'कार्बन' या प्रदर्शनाने जानेवारी २०२४ मध्ये तिची स्वतःची वास्तू खुली झाली.

संस्थेच्या संस्थापक संचालक जाह्नवी फाळके या विज्ञानाच्या इतिहासकार आहेत. भारतातील अणुविज्ञानाच्या जडणघडणीवर त्यांनी ग्रंथ लिहिला असून २०२३ चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना मानव्यविद्या विभागात मिळाला. दालनाचे नेतृत्व इतिहासकाराकडे असणे सूचक आहे. विज्ञानाचे निष्कर्ष सांगण्याइतकेच ते कोणत्या परिस्थितीत घडले, हे सांगणेही येथे अभिप्रेत आहे.

मनुष्यबळाचे स्वरूप

अशा दालनात कायम संग्रह नसतो. प्रत्येक विषयासाठी नवी मांडणी करावी लागते. प्रदर्शन-संयोजक विषय ठरवितो, शास्त्रज्ञ आशयाची अचूकता तपासतो, कलावंत त्याला रूप देतो आणि तंत्रज्ञ ते उभे करतो. चौथ्या भिंतीवरचा फलक वाचून निघून जाणाऱ्या प्रेक्षकाला थांबवितो तो मात्र संवादक. हे संवादक बहुधा तरुणच असतात. तयार उत्तर देण्याऐवजी ते प्रश्न विचारतात. संग्रहालयातील पारंपरिक मार्गदर्शक आणि संवादक यांतील हाच मूलभूत फरक होय.

आव्हाने

पहिले आव्हान आर्थिक स्थैर्याचे आहे. या जाळ्याची जननी असलेली डब्लिनची गॅलरी आर्थिक अडचणींमुळे २०२२ मध्ये बंद पडली. कल्पना यशस्वी ठरली तरी निधीची तजवीज नसेल, तर संस्था टिकत नाही.

दुसरे आव्हान पोहोचण्याचे. मध्य प्रदेशात जबलपूर जिल्ह्यातील कुंडमसारख्या आदिवासीबहुल तालुक्यातील विद्यार्थ्याला बंगळूरुची वास्तू दूरचीच. परिषदेची फिरती विज्ञान प्रदर्शने ग्रामीण भागात जातात, ही जमेची बाजू. परंतु बस गावात एक-दोन दिवस थांबते. संवाद पुढे चालू ठेवायला स्थानिक माणूस लागतो. गावातील शिक्षक, चित्रकार वा पदवीधर तरुण यांना संवादक म्हणून प्रशिक्षित केले, तर वास्तू नसतानाही दालन उभे राहू शकते. कुंडमच्या परिसरातील गोंड समाजाला चित्रकलेची परंपरा आहे. वनस्पती किंवा पाणी या विषयाची मांडणी तिच्या आधारे करता येईल.

समारोप

वैज्ञानिक दृष्टिकोन हे कर्तव्य घटनेत लिहून अंगवळणी पडत नाही. त्यासाठी सरावाची जागा लागते. अशा जागा उभारताना इमारतीच्या खर्चाबरोबरच माणसांच्या प्रशिक्षणाची व वेतनाची तरतूद होणे आवश्यक आहे.

सरावासाठी प्रश्न
१. वैज्ञानिक दृष्टिकोनाच्या प्रसारात संग्रहालये व कला-विज्ञान दालने यांच्या भूमिकेतील फरक स्पष्ट करा.
२. 'विज्ञानप्रसाराची खरी गुंतवणूक मनुष्यबळात आहे.' या विधानाची चर्चा करा.