खो मिळाला अन् मी उशिरा उठलो



गेल्या वर्षी खो-खोत मी बसलो की आमची बाजू हमखास अडायची. पाठीमागून 'खो' आला की मी आधी जमिनीला हात टेकायचो, मग सरळ उभा राहायचो, अन् मग पळायचो. तोवर समोरचा गडी पलीकडे! संघ पाडताना मी सगळ्यात शेवटी उरायचो.

तेव्हा खेळाचा तास असा असे. रांग करायची, एकेकानं उठून पळायचं, बाकीच्यांनी बघायचं. आम्ही ४० जण. माझी पाळी तासात दोनदा यायची. दोनदा उठून कोण शिकणार?

यंदा गुरुजींनी रांग मोडली आणि 'आईचं पत्र हरवलं' खेळायला लावलं. मोठी मुलं हसली, हा तर बालवाडीचा खेळ! पण गुरुजींनी दोन बदल केले. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं. आणि एकच रिंगण न करता दहा-दहा जणांची चार रिंगणं. रुमाल पाठीशी पडला की उठता उठताच पळायचं. अंग पुढं झुकलेलं ठेवलं तर पहिलं पाऊल लवकर पडतं, हे फळ्यावर लिहून मला कळलं नसतं. रुमालाच्या मागं धावताना ते पायांना कळलं.

लंगडीनं तोल आला. एका पायावर वळायचं तर गुडघा वाकवावा लागतो, नाहीतर पडायला होतं. मी तीनदा पडलो, ढोपर सोललं. विष-अमृतात हुलकावणी शिकलो. वळायच्या आधी पावलं लहान करायची, म्हणजे पाय घसरत नाही.

आमच्या आबांना हे पटत नव्हतं. "लंगडी घालायला शाळा कशाला पाहिजे?" म्हणायचे. मग मी सांगितलं, जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या महिला आणि पुरुष, दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. दोन्ही कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, आपल्या महाराष्ट्राचे. आबा काही बोलले नाहीत. पण शनिवारी रानातून येताना मैदानाच्या कडेला उभे राहिले.

त्या दिवशी मला पाच खो मिळाले. उशीर एकदाच झाला. एक खोड मात्र अजून जात नाही. खांबापर्यंत न पोचताच मी मागं फिरतो, अन् गुरुजींची शिट्टी वाजते. त्यावर कोणता खेळ काढायचा, ते गुरुजी शोधतायत.