नव्या प्रशिक्षकाच्या अंमलात

नांदेड,
श्रावण शुद्ध पंचमी

चिरंजीव बाळ,

तुझे सविस्तर पत्र पावले. तुमच्या महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघाला नवे प्रशिक्षक लाभले, रुजू होताच त्यांनी जुना सारा शिरस्ता मोडीत काढला, आणि तू कर्णधार असल्यामुळे मुलांच्या तक्रारींचे दफ्तर रोज सायंकाळी तुझ्याच खोलीवर उघडले जाते, ही सारी कैफियत वाचून मला चिंता न वाटता उलट समाधानच वाटले. कारण प्रशिक्षक बदलूनही ज्या संघात कोणाचीच कुरकूर नाही, त्या संघात काहीच बदललेले नाही असे खुशाल समजावे. ‘मामा, यंदा आमचे काय होईल?’ असा सरळ प्रश्न तू केला आहेस. त्याचे उत्तर देण्यापूर्वी तुमचा हंगाम मुळात असतो तरी केवढा, याचा हिशेब करू.

अमेरिकेतील महाविद्यालयाचा संघ नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत तीसएक सामने खेळतो. त्यामुळे नव्या प्रशिक्षकाचे चुकले तर सुधारायला त्याला हंगामातच अवकाश मिळतो. आपली गोष्ट निराळी. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या चार जिल्ह्यांतील संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी एकत्र जमतात, सामने बहुधा बाद पद्धतीने उरकतात, त्यांतून निवडलेली मुले विद्यापीठाचा पोशाख चढवून गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशातील संघांशी पश्चिम विभागात झुंजायला जातात, आणि बाकीच्यांचे वर्ष तेथेच संपते. ज्या हंगामाची मुदत दोन-चार दिवसांची, त्यात शिकायचे काय आणि सुधारायचे काय? म्हणून आपल्याकडे श्रावण-भाद्रपदातली पूर्वतयारी हाच खरा हंगाम होय. स्पर्धा म्हणजे केवळ त्याची तपासणी.

आता तुझ्या पहिल्या तक्रारीकडे वळतो. रात्रीच्या पावसाने भिजलेले सिमेंटचे मैदान सकाळी सहाला वायपर ओढून कोरडे करायचे, आणि त्यानंतर पहिला अर्धा तास शॉट मारण्याची सक्त मनाई. नुसता दोन्ही हातांनी पास घ्यायचा, दोन्ही पायांवर थांबायचे, एक पाय रोवून वळायचे आणि पास परत द्यायचा. तीन वर्षे खेळलेल्या मुलांना हे पोरखेळासारखे वाटते, असे तू लिहितोस. परंतु असा विचार कर : चेंडू हाती आल्यापासून आठ सेकंदांत मध्यरेषा ओलांडायची आणि चोवीस सेकंदांत शॉट घ्यायचा, एवढाच अवधी नियमाने दिलेला असताना, पहिलाच पास हातातून निसटला अथवा धावत चेंडू घेताना पाय सरकून ट्रॅव्हलिंगची शिट्टी वाजली, तर पुढची सारी व्यूहरचना कागदावरच राहते. प्रशिक्षक तुम्हाला बाळबोध वळणावर आणून बसवीत आहेत, ते तुमची अक्षरे बिघडलेली त्यांना दिसली म्हणूनच.

याबाबतीत दोन थोरांची उदाहरणे ध्यानात ठेव. एक आपल्याच जुन्या मुलखातले. नांदेड व लातूर ज्या हैदराबाद राज्यात तेव्हा मोडत, तेथील सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक. त्यांच्या शिकवणुकीखाली हैदराबाद पोलिसांच्या फुटबॉल संघाने १९५० पासून सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला, आणि भारतीय संघाने १९५१ व १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळविले. हे रहीमसाहेब खेळाडूंचे असे सामने लावीत, की ज्यांत प्रत्येकाने केवळ आपल्या दुबळ्या पायानेच चेंडू मारायचा. नामांकित खेळाडूंना तेव्हा किती अवघडल्यासारखे झाले असेल, याची कल्पना कर. दुसरे अमेरिकेतील बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन वुडन. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात ते १९४८ साली आले. दरवर्षी पहिल्या दिवशी ते खेळाडूंना मोजे कसे चढवावेत आणि बुटाची नाडी कशी बांधावी हे सर्वांत आधी शिकवीत, कारण मोज्याची चुणी राहिली तर फोड येतो आणि फोड आला की सराव बुडतो. त्यांचे पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद उजाडले ते १९६४ साली, म्हणजे सोळा वर्षांनी. मात्र तेथपासून १९७५ पर्यंतच्या बारा वर्षांत त्यांनी एकूण दहा अजिंक्यपदे मिळविली. त्यांनाही पहिल्याच वर्षी चषकाचा जाब विचारला असता, तर ते चषक कोणाच्या पदरी पडले असते?

दुसरी तक्रार, जागा वाटून घेणारा झोन बचाव सोडून माणूस वाटून घेणारा मॅन-टू-मॅन बचाव स्वीकारल्याची. सरावाच्या सामन्यांत तुम्ही त्यामुळेच हरलात, हे तुझे निदान बरोबर आहे, आणि तरीही त्यावरून तू काढलेला ‘झोनच बरा’ हा निष्कर्ष मला मान्य नाही. झोनमध्ये आळशी खेळाडू लपू शकतो. मॅन-टू-मॅनमध्ये कोणाचा माणूस सुटला हे प्रेक्षकांनाही दिसते. पायांना सवय होईपर्यंत मुले हात घालतात, फाउल वाढतात, आणि एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले, की पाचव्यापासून समोरच्याला दोन-दोन फ्री थ्रो फुकट मिळू लागतात. तेव्हा सरावाच्या सामन्यात गुणफलकाकडे न पाहता फाउलांचे खाते लिहीत जा : प्रत्येक क्वार्टरला किती आणि कोणाचे. ते खाते आठवड्या-आठवड्याने आटत गेले, तर हरूनही तुमची प्रगती होत आहे. ते तसेच राहिले, तर जिंकूनही होत नाही. तसेच सराव संपताना, धाप लागलेली असताना, प्रत्येकाने घेतलेले फ्री थ्रो पाहा. ताज्या दमाने मारलेल्या फ्री थ्रोंवरून शेवटच्या दोन मिनिटांविषयी काहीच कळत नाही.

एका गोष्टीचे मला नवल वाटते. तुमचे लातूर शहर साऱ्या महाराष्ट्रात परीक्षेच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’मुळे ओळखले जाते, आणि त्या पॅटर्नचे इंगित तरी काय? अभ्यासक्रम वेळेआधी संपवायचा, प्रश्नपत्रिकांमागून प्रश्नपत्रिका सोडवायच्या, चूक सापडली की पुन्हा तेच गणित. अकरावी-बारावीत ही तालीम निमूटपणे सोसलेली मुले मैदानावर तीच तालीम आली की कंटाळतात, हे मला पटत नाही.

आता तुझ्या स्वतःच्या जबाबदारीविषयी. गुरुपौर्णिमेला तुम्ही सारे जुन्या सरांच्या घरी जाऊन आलात हे उत्तम केलेत. त्यांचे ऋण फिटणारे नाही. परंतु नव्या सरांच्या प्रत्येक तजविजीवर जुन्या सरांचा अभिप्राय मागायला जाणे हे त्यांच्याही शोभेचे नव्हे आणि तुमच्याही हिताचे नव्हे. सर्वांत जास्त गुण करणाऱ्या मुलाला नव्या सरांनी राखीव बाकावर बसविले, तो रागावला आहे, आणि निवड चाचणीत आपली छाप पडून आपण कलर होल्डर, म्हणजे विद्यापीठ संघाचे खेळाडू, व्हावे म्हणून त्याला अधिक शॉट हवे आहेत, हे समजण्यासारखे आहे. पण निवड करणारे जाणते असतील, तर कोण परत धावून बचावाला येतो हेही ते पाहतात, एवढे त्याला तू एकांतात सांग. तुझे स्वतःचे मतभेद असतील तर तेही सराव आटोपल्यावर, एकट्याने, आदबीने सरांपुढे मांड. सर्वांसमोर मान डोलवायची आणि खोलीवर दरबार भरवायचा, हे कर्णधाराला सर्वथा अशोभनीय आहे. नव्या प्रशिक्षकाचा अंमल हुकमाने बसत नाही, कर्णधार त्याला जामीन राहिला तरच बसतो.

माझे मत विचारशील तर ते असे, की यंदा पहिल्याच फेरीत एखाद्या मुरलेल्या संघाशी गाठ पडली, तर तुम्ही हराल. मात्र मुले टिकली आणि प्रशिक्षक टिकले, तर पुढील वर्षी तुम्हाला हरविणे कोणालाही सोपे जाणार नाही. म्हणून तुला एवढेच निक्षून सांगतो : पराभव झाला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मैदानावर तुझी हजेरी लागली पाहिजे, आणि सर्वांना बरोबर घेऊन तू आले पाहिजेस. अभ्यासाची हयगय करू नकोस. तुझ्या आईस आशीर्वाद सांग. कळावे.

तुझा,
मामा