अकरावी-बारावीचं फूड सायन्स आणि तुमचा शेंगदाणा लाडू



दहावीचा निकाल लागला की घरगुती खाद्यपदार्थ विकणाऱ्या ताई हमखास विचारतात, "मुलगी माझ्याबरोबर लाडू वळते. तिने अकरावीला फूड सायन्स घेतलं तर धंद्याला उपयोग होईल का?" होईल. कसा, ते एका लाडवावरच बघूया. वही-पेन घ्या, मुलीलाही शेजारी बसवा.

आपल्या राज्य मंडळात अकरावी-बारावीला 'फूड सायन्स अँड टेक्नॉलॉजी' असा विषय आहे. पुस्तक बालभारतीचं, म्हणजे आपल्या पुण्याचंच. त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट मिळते. पण प्रत्येक ज्युनिअर कॉलेजात हा विषय नसतो. प्रवेशाचा फॉर्म भरायच्या आधी चौकशी करा, नंतर नाही.

आता व्हिडिओत पाटीवर केलेलं गणित. १ किलो मिश्रणात ६०० ग्रॅम दाणे आणि ४०० ग्रॅम गूळ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढलेत. त्यावरून ढोबळमानाने १०० ग्रॅम दाण्यांत २४ ग्रॅम प्रथिनं, ४० ग्रॅम स्निग्ध आणि १७ ग्रॅम कर्बोदकं धरू. गुळात ८५ ग्रॅम कर्बोदकं, बाकी नगण्य.

म्हणजे किलोभर मिश्रणात प्रथिनं १४४, स्निग्ध २४० आणि कर्बोदकं १०२ अधिक ३४०, म्हणजे ४४२ ग्रॅम. प्रथिनं आणि कर्बोदकांच्या एका ग्रॅमला ४ कॅलरी, स्निग्धाच्या ग्रॅमला ९. बेरीज ४५०४. किलोत २५ ग्रॅमचे ४० लाडू होतात, म्हणजे एका लाडवात साधारण ११२ कॅलरी आणि साडेतीन ग्रॅम प्रथिनं. जिमवाल्या गिऱ्हाइकाने विचारलं तर आता "भरपूर प्रोटीन आहे हो" असं मोघम सांगायची गरज नाही. मात्र हा अंदाज आहे. पाकिटावर छापायचा आकडा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घ्या.

पण माझ्या मते खरा उपयोग पुढे आहे. "गुळाचा आहे, शुगरवाल्यांना चालतो" हे वाक्य आपल्याकडे सर्रास बोललं जातं. ताई, हे बोलू नका. गुळात बहुतांश साखरच असते, वरच्या हिशेबाने एका लाडवात जवळजवळ ८ ग्रॅम. समोरचा माणूस तुमच्यावर विश्वास ठेवून चार लाडू खाईल आणि त्रास त्याला होईल. 'शुगर फ्री' लिहायचं तर एफएसएसएआयच्या नियमाप्रमाणे १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमच्या वर चालत नाही. गुळाचा लाडू त्याच्या आसपासही नाही.

दुसरी गोष्ट बुरशीची. मार्केट यार्डातून पावसाळ्यात पोतं उचललं, ते ओलसर कोपऱ्यात ठेवलं की दाण्याला बुरशी धरते. त्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं, ते यकृताला घातक असतं आणि भाजल्याने पूर्ण जात नाही. "भाजून घेऊ, काही होत नाही" हे इथे चालत नाही. काळे पडलेले, सुरकुतलेले, खवट दाणे भाजायच्या आधी निवडून फेका. जुलै-ऑगस्टमध्ये माल थोडाथोडाच आणा, भाव दोन रुपये जास्त पडला तरी. हे दोन रुपये लाडवाच्या किमतीत धरा, नफ्यातून कापू नका.

पाकिटावरची 'बेस्ट बिफोर' तारीख कशी ठरवायची, ते पुढच्या व्हिडिओत. तोवर घरच्या दहा लाडवांचं वजन करून ठेवा. सगळे २५ ग्रॅमचे निघतात का बघा.