कर भरणे जड जाते तेव्हा



नोकरदाराचा कर पगारातूनच कापला जातो. दुकानदार, शिंपी, गिरणीवाले, वाहनमालक यांना मात्र तो स्वतः मोजून स्वतः भरावा लागतो. धंदा मंदावला की पैसे अडकतात. मग नोटीस आली की कोणी ती कपाटात ठेवतो, कोणी व्याजाने पैसे काढतो. असे होऊ नये म्हणून कायद्यातच काही सोयी आहेत. त्या आपण समजून घेऊ.

१) अंदाजित नफा : वर्षाची विक्री २ कोटी रुपयांपर्यंत असलेल्या छोट्या व्यापाऱ्याला सविस्तर वहीखाते ठेवण्याची सक्ती नाही. रोख विक्रीच्या ८ टक्के आणि बँकेतून किंवा मोबाइलवरून आलेल्या रकमेच्या ६ टक्के नफा धरून तो आयकर विवरणपत्र भरू शकतो. आगाऊ कर चार हप्त्यांऐवजी एकदाच, १५ मार्चपर्यंत भरता येतो.

उदाहरण : एका कापड दुकानाची विक्री ६० लाख. निम्मी रोख, निम्मी बँकेतून. रोखीवर नफा २ लाख ४० हजार, बँकेच्या रकमेवर १ लाख ८० हजार. एकूण ४ लाख २० हजार. दुसरे उत्पन्न नसेल तर २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीनुसार आयकर शून्य. पण उत्पन्न ४ लाखांच्या वर असल्याने विवरणपत्र भरावेच लागते.

२) कंपोझिशन योजना : वरील दुकानाला आयकर नसला तरी जीएसटी आहे. दीड कोटीपर्यंत विक्री असलेल्या व्यापाऱ्याला या योजनेत विक्रीच्या फक्त १ टक्का, दर तिमाहीला भरावा लागतो. म्हणजे वर्षाला ६० हजार. हा कर ग्राहकाकडून घेता येत नाही, म्हणून तो रोजच्या गल्ल्यातून बाजूला काढणे शहाणपणाचे. आपल्या सीमेवरील जिल्ह्यात आणखी एक अट महत्त्वाची आहे. या योजनेतील व्यापारी महाराष्ट्रातून माल आणू शकतो, पण रावेर-जळगावला माल विकू शकत नाही.

३) हप्ते, ज्यांना आपण येथे किस्त म्हणतो : आयकराची मागणी नोटीस आल्यावर साधारणपणे ३० दिवसांची मुदत असते. ती संपण्याआधी अधिकाऱ्याकडे मुदतवाढ किंवा हप्ते मागता येतात. जीएसटीच्या मागणीसाठी डीआरसी-२० हा अर्ज आहे. त्यात जास्तीत जास्त २४ मासिक हप्ते मिळू शकतात. मात्र व्याज माफ होत नाही, आणि एक हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम लगेच द्यावी लागते. स्वतःच्या विवरणपत्रात दाखवलेल्या जीएसटीला ही सोय नाही.

४) अभय योजना : २०२४ मध्ये सरकारने २०१७-१८ ते २०१९-२० या वर्षांच्या काही जीएसटी मागण्यांवरील व्याज व दंड माफ करण्याची सोय केली. अट एकच मोठी होती : मूळ कर ३१ मार्च २०२५ पर्यंत भरावा. ज्यांनी नोटीस उघडलीच नाही त्यांच्या हातून ती संधी गेली.

यावरून बोध हा की, सवलत घरी चालत येत नाही. ती मुदतीत मागणाऱ्याला मिळते. पालकांना विनंती, घरी आलेला सरकारी कागद मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावा व त्यावरील तारीख कॅलेंडरवर लिहावी.

स्वाध्याय
१. विक्री ५० लाख. त्यात २० लाख रोख व ३० लाख बँकेतून. अंदाजित नफा काढा.
२. रावेरला माल विकणाऱ्या धूलकोटच्या व्यापाऱ्याला कंपोझिशन योजना का चालत नाही?
३. हप्ते मागण्याचा अर्ज केव्हा करावा?