उद्यानाची जागा आणि शासनाचा अधिकार

हेतू चांगला असला, की प्रशासकीय निर्णय वैध ठरतो काय? बंगळुरूच्या राजमहाल विलास एक्स्टेन्शनमधील उद्यानासाठी राखीव भूखंड १९७६ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या आदेशावरून एका खासगी न्यासाला रुग्णालयासाठी देण्यात आला. रहिवासी न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने वाटप रद्द केले आणि ‘बंगलोर मेडिकल ट्रस्ट’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तो निर्णय कायम ठेवला.

रुग्णालयही लोकोपयोगीच, असा युक्तिवाद होता. अर्थशास्त्रीय दृष्ट्या मात्र उद्यानाची सावली सर्वांची असते, खासगी रुग्णालयातील खाट शुल्क देणाऱ्याची. कायद्याचा मुद्दा याहून मूलभूत होता. योजनेत बदल करण्याचा अधिकार विकास प्राधिकरणाचा. शासनाचे निर्देश कायद्याची उद्दिष्टे पार पाडण्यापुरतेच. प्राधिकरणाने स्वतः विचार न करता वरून आलेला आदेश अमलात आणला, म्हणजे विवेकाधिकार वापरलाच गेला नाही. (परीक्षार्थी बहुधा ‘सत्तेचा गैरवापर’ एवढे लिहून थांबतात, हा भेद उत्तरात यावयास हवा.) रहिवाशांना दाद मागण्याचा हक्क आहे, हेही न्यायालयाने मान्य केले. उद्यान गेल्याची झळ त्यांनाच बसणार होती.